जुनी, लहान क्रूझ बोट बुक करताय? या चुका टाळा

गोव्यात ‘क्रूझ’ म्हटलं की अजूनही आधी आठवते ती सांता मोनिका जेटीवरून मांडवीत तासभर फिरवून आणणारी बोट. पण अलीकडे ओळखीचे लोक वेगळंच विचारतात. ‘मुरगावहून मोठी बोट मिळते, ती घेऊ का?’, ‘ग्रीसची सहल स्वस्तात मिळतेय, पण बोट जुनी आहे म्हणतात. चालेल?’ मी वास्कोचा. आमच्या वाड्यावर तारवटी, म्हणजे बोटींवर नोकरी करणारे, पुष्कळ, त्यामुळे बोटींच्या गप्पा ऐकतच मोठा झालो. माझं उत्तर ठरलेलं असतं. जुनी चालेल, लहानही चालेल, मला स्वतःला तर तीच आवडते. तिथे चार दिवसांत वेटर नावाने हाक मारतो, डेकवर रोज तेच चेहरे भेटतात आणि मोठ्या बोटींना जमत नाही अशा छोट्या बंदरांत ती जाते. फक्त पैसे भरण्याआधी त्या बोटीची नीट ओळख करून घ्या. सहलीच्या कार्यक्रमाची माहिती माणसं तासन्‌तास वाचतात, पण ज्या बोटीवर झोपायचं तिच्याबद्दल एक ओळही वाचत नाहीत.

नावावर विसंबू नका

बोटीचं नाव मालकाबरोबर बदलतं. २०२१ पासून मुंबई–गोवा मार्गावर दिसणारी ‘एम्प्रेस’ १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नझेर इथल्या गोदीतून ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बाहेर पडली. पुढे ती ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, मग स्पॅनिश कंपनीकडे नुसती ‘एम्प्रेस’, मग पुन्हा ‘एम्प्रेस ऑफ द सीज’. आता पुन्हा ‘एम्प्रेस’. उलटा घोळही होतो. २०१९ मध्ये मुंबईहून सुरू झालेली ‘कर्णिका’ मूळची १९९० ची ‘क्राउन प्रिन्सेस’. तिच्या मूळच्या कंपनीने, प्रिन्सेस क्रूझेसने, २००६ मध्ये दुसरी, कितीतरी मोठी बोट बांधली आणि तिलाही ‘क्राउन प्रिन्सेस’ हेच नाव दिलं. नुसतं नाव शोधणाऱ्याला फोटो एकीचे आणि अनुभव दुसरीचे वाचायला मिळतात.

यावर उपाय म्हणजे आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर. हा सात आकडी नंबर बोटीला जन्मभर चिकटलेला असतो. मालक बदलो, नाव बदलो, झेंडा बदलो, नंबर तोच राहतो. तो एजंटकडून मागून घ्या आणि इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर टाका. नाव नोंदवावं लागतं, पण पाच मिनिटांचं काम आहे. बांधणीचं वर्ष, सध्याचा झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश), कोणत्या क्लास सोसायटीकडे (बोटीची बांधणी आणि यंत्रं तपासणारी संस्था) नोंद आहे, कुठल्या बंदरात तपासणी झाली आणि त्रुटी आढळल्याने बोट अडकवून ठेवली होती का, हे सगळं तिथे दिसतं. एखाद-दुसरी त्रुटी जवळजवळ प्रत्येक बोटीत निघते, तिने घाबरू नका. थोड्या काळात दोन-तीनदा अडकवलेली बोट मात्र सरळ सोडून द्या.

वय स्वतःहून वाईट नसतं. प्रवासी बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त वर्षभराचं असतं आणि दरवर्षी नव्याने तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय १ ऑक्टोबर २०१० पासून आगीसंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम इतके कडक झाले की लाकूडकामाने नटलेल्या कितीतरी जुन्या बोटी त्या तारखेच्या आसपास निवृत्त झाल्या.

‘नुकतंच नूतनीकरण झालंय’

या वाक्यापुढचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. नेमकं काय नवीन केलं? गालिचे, सोफे आणि लॉबीतली झुंबरं बदलणं सोपं, आणि फोटोत तेच दिसतं. नळाचे पाइप, एसी, गटाराची व्यवस्था, लिफ्ट यांना हात लागला का, ते विचारा. बोट शेवटची कोरड्या गोदीत, म्हणजे पाण्याबाहेर दुरुस्तीला, कधी गेली होती, तेही विचारा. मग प्रवाशांचे अनुभव वाचताना त्या तारखेनंतरचेच वाचा. गोदीआधीची तक्रार कदाचित दूर झालेली असेल आणि गोदीआधीचं कौतुक तर आता काहीच कामाचं नाही. मी तीनच गोष्टी शोधतो: एसी चालत नाही, गरम पाणी येत नाही, बाथरूममध्ये वास येतो. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत हेच लिहिलं असेल तर ते खरं धरावं. जेवणाबद्दलची भांडणं मी वाचत नाही.

बोट मुळात कशासाठी बांधली होती, हेही पाहा. ‘नॉर्डिक एम्प्रेस’ तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधली गेली. अशा बोटीवर खोल्या आणि कपाटं लहान असतात आणि बाल्कन्या मोजक्याच. मुंबई–गोवा अशा वीकेंडला ते खपून जातं. पण तशाच बोटीवर दोन बॅगा घेऊन चौघांनी दहा दिवस राहायचं असेल तर पलंगाखाली बॅग जाते का, इथपर्यंत चौकशी करा.

केबिनचा प्रकार नको, नंबर मागा

माझ्या हातून झालेली सगळ्यात महाग चूक हीच. काही वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या एका जुन्या, लहान बोटीवर गेलो. एजंटने ‘ओशन व्ह्यू, गॅरंटी’ अशी केबिन स्वस्तात दिली. ‘गॅरंटी’ म्हणजे प्रकाराची हमी, जागा कंपनी ठरवणार, हे मला माहीत होतं. तरी त्यांच्यासोबत जातोय तर काय फरक पडतो, असं म्हणून गप्प बसलो. केबिन मिळाली खालच्या डेकवर, अगदी नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता नांगराची साखळी सुटली आणि आई दचकून उठून बसली. भूकंप झाला असंच तिला वाटलं. घरी आल्यावर शेजारच्या निवृत्त तारवटी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘अरे, नांगर पुढे असतो. खोली पुढे आहे की मध्ये, एवढं विचारायला नको?’

बोट नांगरली होती म्हणजे धक्क्याला लागलीच नव्हती, हा दुसरा फटका. उतरायचं होतं टेंडरने, म्हणजे बोटीतून लहान होडीत आणि होडीतून किनाऱ्यावर. लाटेबरोबर होडी वर-खाली होत होती आणि आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरायला तयार होते, तरी तिचा पाय पुढे पडला नाही. त्या गावासाठीच आम्ही ती सफर निवडली होती. आई दिवसभर डेकवर बसून लांबून ते गाव पाहत राहिली. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून आता मी प्रत्येकाला डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडायला लावतो. आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे, ते बघायचं. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटेपासून ट्रॉल्यांचा आवाज. डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत ढोल. पार मागे इंजिन आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याची थरथर. शेजारच्या खोलीला जोडणारं दार असेल तर त्यांचं बोलणंही ऐकू येतं. वर-खाली दोन्हीकडे झोपायच्याच खोल्या असतील तर ती केबिन शांत. घरात वयस्कर माणूस असेल तर लिफ्ट किती आणि कोणत्या डेकपर्यंत जातात, बाथरूमच्या दाराशी उंबरा आहे का, आणि कार्यक्रमातली कोणकोणती बंदरं टेंडरची आहेत, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

बोट लागेल का?

लहान बोट जास्त हलते, हे खरं. बाजूला डोलणं कमी करायला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते आहेत का, विचारा. पण पुढे-मागे आपटणं त्यांनी थांबत नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर खोली घ्यावी. उंचावरची, पुढची खोली दिसायला झकास, पण हेलकावे तिथेच जास्त. ऋतूकडेही बघा. पावसाळ्यात आपला समुद्र कसा असतो हे कोळ्यांना विचारायला नको. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळतो हे खरं, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं याच समुद्रात आली. तारीख निवडायची मुभा असेल तर डिसेंबर ते मार्च धरा. हवा बिघडली तर कॅप्टन बंदर गाळू शकतो, तसं करारातच असतं. एकाच बंदरावर सगळा जीव ठेवून जाऊ नका.

गर्दीचा हिशेब

ग्रॉस टन हा आकडा वजनाचा नसून बोटीच्या आतल्या जागेचा असतो. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की दर माणशी किती जागा ते कळतं. ‘एम्प्रेस’ सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांची. खोलीत दोघं धरले तर साधारण १,६०० प्रवासी, म्हणजे आकडा तिसाच्या आसपास. पण दिवाळीच्या सुट्टीत वरचे पलंगही उघडतात. त्याच बोटीवर दोन हजार माणसं धरा, आकडा चोविसावर येतो आणि नाश्त्याला रांग लागते. विशीच्या घरातला आकडा दिसला तर मी ती तारीख टाळतो.

बाकी लहानसहान गोष्टी. जुन्या खोल्यांत प्लगची एक-दोनच भोकं असतात आणि तीही परदेशी पद्धतीची, तेव्हा अडॅप्टर न्या. शिवराक (शाकाहारी) किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, बोटीवरच्या उपग्रह नेटवर्कचं बिल जबर येतं. दर रात्रीची टिप आणि बंदर शुल्क धरूनच दोन बोटींच्या किमतींची तुलना करा. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो, म्हणून आजाऱ्याला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या.

आणि आपण गोव्यात राहतो, त्याचा फायदा करून घ्या. थंडीच्या दिवसांत मुरगाव बंदरात बोट आली की दोना पावलाच्या जेटीवर दुर्बीण घेऊन जा. लाइफबोटी कोणत्या डेकला टांगल्या आहेत ते पाहा आणि त्यांच्यामागे झाकल्या गेलेल्या खिडक्या मोजा. मग डेक प्लॅन काढा आणि एजंटने ‘सी व्ह्यू’ म्हणून दिलेला नंबर त्यांतलाच आहे का, ते ताडून पाहा.