'इम्यून' वापरायचा कसा? घोळ सगळा 'टू' आणि 'फ्रॉम'चा

'इम्यून म्हणजे सुरक्षित' असं शिकवणारी गाईडं आधी बाजूला ठेवा. हेल्मेट घातलेला माणूस 'सेफ' असतो, 'प्रोटेक्टेड' असतो, इम्यून नसतो. धोका अंगावर येऊनही बाधत नाही, तेव्हा इम्यून. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, 'म्यून'वर. एवढं पुरे.

खरी गोची पुढे आहे. मराठी माणसाच्या डोक्यात 'रोगापासून संरक्षण' हे शब्द पक्के बसलेले असतात. त्या 'पासून'चा 'फ्रॉम' होतो आणि 'इम्यून फ्रॉम मीझल्स' कागदावर उतरतं. म्हणून 'संरक्षण' मनात आणूच नका, 'बाधणे' आणा. गोवर त्याला बाधत नाही, टीका त्याला लागत नाही: शरीराचा किंवा मनाचा प्रश्न असला की 'टू'. 'ही इज इम्यून टू मीझल्स', 'शी इज इम्यून टू फ्लॅटरी'. 'इम्यून टू क्रिटिसिझम' मात्र जपून लिहा. ते कौतुकापेक्षा निगरगट्टपणाची तक्रारच जास्त वाटतं.

'फ्रॉम' येतो तो सूट मिळते तिथे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच सार्वजनिक कामातून किंवा करातून सुटलेला. रोगाचा अर्थ बराच नंतरचा. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधान भवनात आमदार जे बोलतात, त्यावरून त्यांच्यावर कोर्टात कारवाई होत नाही (संविधान, अनुच्छेद १९४). ते 'इम्यून फ्रॉम कोर्ट प्रोसीडिंग्ज'. मात्र लाच घेऊन मत दिलं, तर ही सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये ते स्पष्ट केलं. तिथे लिहायचं 'नॉट इम्यून फ्रॉम प्रॉसिक्युशन'. 'अगेन्स्ट'ही कुठे कुठे दिसेल. त्याच्या नादी लागू नका.

'इम्यून्ड' असा शब्दच नाही. लस टोचली की माणूस 'इम्युनाइझ्ड' होतो. इम्यून होईलच असं नाही, कारण प्रत्येक लस प्रत्येकाला लागू पडतेच असं नसतं. 'व्हेरी इम्यून'ही टाळा, 'कम्प्लीटली' किंवा 'पार्शली' घ्या. 'इम्यून सिस्टम'मध्ये अर्थ थोडा वेगळा: यंत्रणा रोगमुक्त नव्हे, रोगाशी लढणारी.

संत्र्याच्या बागेत हा शब्द फारच सैल वापरतात. रंगपूर लिंबाचा खुंट (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते झाड) खोडातून डिंक गाळणाऱ्या डिंक्या रोगापुढे जांभेरी लिंबाच्या खुंटापेक्षा जास्त तग धरतो, म्हणून त्याला इम्यून म्हणून टाकतात. चूक. रोग शिरतच नाही ते झाड इम्यून. शिरला तरी फार पसरू देत नाही ते 'रेझिस्टंट'. रोग झेलूनही बऱ्यापैकी फळ देतं ते 'टॉलरंट'.

आणि 'नागपूर पीपल आर इम्यून टू हीट' हे तर कृपा करून लिहूच नका. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की दुपट्टा डोक्याला गुंडाळून, खिशात कांदा घालून निघणारा माणूस 'युज्ड टू हीट' आहे. ऊन त्यालाही लागतंच.