शाळेच्या फाटकासमोरची गाडी : पालकांनी आणि रहिवाशांनी काय करावे

पुण्याच्या पेठांतील एखाद्या दोन सत्रांच्या शाळेसमोर दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास उभे राहून पाहावे. सकाळच्या सत्राची मुले बाहेर पडत असतात आणि दुपारच्या सत्राची आत शिरत असतात. रिक्षावाले काका मुलांची नावे पुकारत असतात, व्हॅन उलट्या दिशेने वळत असते आणि एवढ्यात कोणीतरी फाटकाला खेटून मोटार उभी करून, चारही दिवे लुकलुकत ठेवून, मुलाला आणायला आत जाते. पंधरा मिनिटांनी रस्ता पुन्हा मोकळा होतो, म्हणून कोणीही त्याचे फारसे मनावर घेत नाही. माझ्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी मी दोन वर्षे रोज उभा राहिलो आहे. तेथे जे पाहिले, जे करून पाहिले आणि ज्याचा उपयोग झाला, ते येथे लिहीत आहे. तपशील पुण्याचे असले तरी कायदा देशभर एकच आहे आणि अर्ज करण्याची रीत महाराष्ट्रातील इतर शहरांतही साधारण अशीच आहे.

या गाड्यांमुळे होणारी गैरसोय ही दुय्यम बाब आहे. खरा प्रश्न मुलांच्या जिवाचा आहे. सात वर्षांचे मूल साधारण १२० सेंटीमीटर उंच असते, तर छोट्या मोटारीचे छतही जवळजवळ १५० सेंटीमीटरवर असते. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर येणारे मूल समोरून येणाऱ्या चालकाला दिसत नाही आणि मुलालाही येणारी दुचाकी दिसत नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक अंतर कापते, त्यामुळे मूल दिसल्यावर ब्रेक दाबण्याइतका अवकाश उरतोच असे नाही. पदपथावर गाडी असेल तर मुलांना डांबरी रस्त्यावर उतरावे लागते, आणि फाटकाला लागूनच दुसरी रांग उभी राहिली की रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाचा बंब आत येण्याची वाटच बंद होते.

कायदा काय सांगतो, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण फाटकाशी होणारे निम्मे वाद अज्ञानातून होतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवता येत नाही. शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ गाडी लावू नये, हे १९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्ट लिहिलेले होते, आणि त्यांच्या जागी २०१७ मध्ये आलेल्या वाहनचालन विनियमांतही शैक्षणिक संस्थेच्या प्रवेशाजवळ, पदपथावर, पादचारी पट्ट्यांवर, तसेच उभ्या असलेल्या वाहनाला समांतर दुसरे वाहन लावण्यास मनाई आहे. म्हणजे ‘येथे फलक कोठे आहे?’ हा प्रश्न फाटकापुरता तरी गैरलागू ठरतो. ‘मी गाडीतच बसलो आहे’ या उत्तराचेही तसेच आहे. कलम १२२ मध्ये चालक आत आहे की बाहेर, याला महत्त्व नसून वाहन कोणत्या स्थितीत उभे आहे, याला आहे. लुकलुकते दिवे ही परवानगी नव्हे. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या अधिकाराने उचलून नेता येते.

तक्रारीआधी आठवडाभर निरीक्षण

बहुतेक तक्रारी ‘शाळेसमोर फार गर्दी होते’ एवढ्या एका वाक्यावर संपतात आणि त्यांचे पुढे काहीच होत नाही. वाहतूक शाखेला कारवाई करता येईल असे काही हवे असेल, तर जागा, लांबी, वेळ आणि वाहनाचा प्रकार या चार गोष्टी सांगाव्या लागतात. त्यासाठी तीन-चार पालकांनी पाच दिवस वाटून घ्यावेत आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या आधी वीस मिनिटे ते नंतर वीस मिनिटे साध्या वहीत नोंद ठेवावी. फाटकापासून दोन्ही बाजूंना किती मीटरपर्यंत गाड्या लागतात, त्यांत मोटारी किती, दुचाकी किती, शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा किती, पालकांच्या किती आणि शेजारच्या दुकानांच्या किंवा रहिवाशांच्या दिवसभर उभ्या राहणाऱ्या किती, हे वेगवेगळे लिहावे.

हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा आहे. आमच्या गल्लीत सगळा दोष पालकांच्या मोटारींना दिला जात होता. नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की फाटकाच्या डाव्या बाजूची जागा सकाळपासूनच तिथल्या कायमच्या दुचाकींनी व्यापलेली असे आणि त्यामुळेच व्हॅन रस्त्याच्या मधोमध थांबत. दोन्ही कारणांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पेठांतील रस्त्यांवर सम-विषम तारखांप्रमाणे एका बाजूला पार्किंग असते, म्हणजे पी-१ आणि पी-२ चे फलक असतात. तसे असल्यास कोणत्या तारखेला कोणती बाजू भरते, तेही टिपावे, कारण महिन्यातले निम्मे दिवस शाळेची बाजूच अधिकृत पार्किंगची असते. फाटकासमोरचा तुकडा त्यातून वगळून घेणे ही तक्रारीतली पहिली मागणी ठरू शकते.

छायाचित्रे घ्यावीत, परंतु त्यांत मुलांचे चेहरे येऊ देऊ नयेत. वाहनाचा क्रमांक, फाटक किंवा फलक आणि वेळ एवढे दिसले की पुरे. ही छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण एकदा एखाद्या घरचा गाडी क्रमांक सर्वांसमोर आला की त्या घराशी पुढे बोलणेच खुंटते.

शाळेला सोबत घेणे

फाटकाबाहेरचा रस्ता आमचा नाही, असे काही शाळा सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. मुले शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे रस्त्यावर येतात आणि ते वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार शाळेचाच आहे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तीत पालकांचे व पोलिसांचे प्रतिनिधी असतात. तुमच्या शाळेत ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावे. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथेही हा विषय मांडता येतो. इतर शाळांत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे जावे.

बैठकीत आपल्या नोंदी ठेवून शाळेकडून तीन गोष्टी मागाव्यात, असे मी सुचवेन. पहिली म्हणजे दोन सत्रांमध्ये किमान पंधरा ते वीस मिनिटांचे अंतर, आणि ते शक्य नसेल तर प्राथमिक व माध्यमिक वर्ग दहा-दहा मिनिटांच्या फरकाने सोडणे. आमच्याकडे सर्वांत जास्त परिणाम याच एका बदलाने झाला आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. दुसरी म्हणजे शाळेचे मैदान किंवा मागचे आवार असेल तर तेवढ्या वेळापुरत्या रिक्षा आणि व्हॅन आत घेणे. मात्र मुले मैदानात असताना चाक हलणार नाही, याची जबाबदारी एका ठरावीक शिक्षकाकडे हवी. तिसरी म्हणजे एकापेक्षा अधिक फाटके असल्यास दोन्ही उघडणे. अनेक जुन्या शाळांत मागचे फाटक केवळ सवयीने बंद असते.

जुन्या शाळांचा उल्लेख मुद्दाम केला. लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा १८८४ पासूनची आहे. आसपासच्या पेठांत अशा अनेक शाळा आहेत आणि त्या उभ्या राहिल्या तेव्हा मुले पायी येत. तेथे पार्किंगची जागा नसणे हा त्या शाळांचा दोष नव्हे. पण म्हणूनच तेथे प्रत्येक मुलासाठी फाटकाशी एक वाहन हा हिशेब कधीच जुळणार नाही.

गाड्यांना दुसरी जागा

नुसती मनाई केली तर गाड्या पुढच्या गल्लीत जाऊन तेथील रहिवाशांना छळतात. म्हणून फाटकापासून दोनशे-तीनशे मीटरवर उतरण्याची एक जागा ठरवावी. मंगल कार्यालयाचे आवार सकाळी बहुधा रिकामे असते, मंदिराचे पटांगण असते, महापालिकेचे वाहनतळ असते. व्यवस्थापनाला शाळेच्या पत्राने विनंती केली तर पंधरा मिनिटांसाठी नकार क्वचितच मिळतो. तेथून पाच-सहा मुलांचा गट एका पालकासोबत चालत शाळेत जातो. दिवस वाटून घेतले की प्रत्येक पालकावर आठवड्यातून एकदाच पाळी येते. सुरुवातीला दप्तराच्या ओझ्याची तक्रार आली, ती रास्त होती, आणि शाळेने काही पुस्तके वर्गातच ठेवण्याची सोय केल्यावर ती मिटली.

फाटकाशी उभ्या असलेल्या पालकाशी बोलायची वेळ आली तर कायद्याने सुरुवात करू नये. ‘ताई, पहिलीची मुलं आता सुटतील. गाडी कोपऱ्यापुढे घेता का? तोवर तुमच्या मुलाकडे मी लक्ष देतो,’ असे म्हटल्यावर नाही म्हणणारे फार थोडे भेटले. जे म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नये. क्रमांक टिपावा आणि बाजूला व्हावे. चाकातली हवा सोडणे, काचेवर चिकटणारे कागद लावणे किंवा गाडीपुढे आडवे उभे राहणे हे प्रकार कितीही संताप आला तरी करू नयेत, कारण त्या क्षणी गुन्हा आपल्याकडून घडतो. आरएसपीचे, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकाचे, विद्यार्थी शिट्टी आणि पट्ट्यासह फाटकाच्या आत रांगा लावण्याचे काम उत्तम करतात, पण गाड्या अडवण्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरवणे योग्य नाही.

अर्ज कसा लिहावा

रस्त्याचा एखादा भाग नो-पार्किंग ठरवण्याचा अधिकार पुण्यात वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांकडे आहे आणि त्यांचे कार्यालय येरवड्याला एअरपोर्ट रोडवर आहे. अर्ज शक्यतो शाळेच्या शीर्षपत्रावर, मुख्याध्यापकांच्या सहीने द्यावा आणि त्याला पालकांच्या व शेजारच्या सोसायट्यांच्या सह्या जोडाव्यात. एक प्रत स्थानिक वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना आणि एक महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्यावी, कारण पट्टे रंगवणे, पदपथ दुरुस्त करणे ही कामे महापालिकेची असतात.

मागणी अशी नेमकी असावी : ‘अमुक चौकापासून तमुक इमारतीपर्यंत, शाळेच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना मिळून ४० मीटर अंतर, शाळेच्या दिवशी सकाळी ६.३० ते ७.३० आणि दुपारी ११.४५ ते १.०० या वेळेत नो-पार्किंग घोषित करावे. विद्यार्थ्यांची अधिकृत वाहने आणि अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळावीत.’ दिवसभराची बंदी मागितली तर दुकानदार आणि रहिवासी विरोध करतात, आणि त्यांचा विरोध अनाठायी नसतो. वेळेपुरत्या बंदीला तेच लोक पाठिंबा देतात. असे बदल बऱ्याचदा आधी तात्पुरते जाहीर होतात आणि नागरिकांकडून लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत पाठिंब्याची पत्रे देणे हे सर्वांत जास्त विसरले जाणारे काम आहे. हरकती तेवढ्या पोहोचतात आणि समर्थक घरी बसून राहतात.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. महिन्याभरात उत्तर नाही आले तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली आणि त्या रस्त्यावर गेल्या सहा महिन्यांत बेकायदा पार्किंगची किती चलने झाली, हे विचारावे. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची असते. दैनंदिन उल्लंघनांसाठी महाट्रॅफिकॲपवर छायाचित्रासह तक्रार नोंदवता येते. एखादी गाडी रुग्णवाहिकेची वाट अडवून उभी असेल तर मात्र ११२ वर थेट फोन करावा.

फलक लागला की काम संपत नाही. पहिले दोन आठवडे वाहतूक पोलीस किंवा वॉर्डन त्या वेळेला हजर राहावा, अशी विनंती अर्जातच केलेली असावी, कारण त्या काळात लागलेली सवय पुढे टिकते. पावसाळ्यात पट्टे पुसट होतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा रंगवण्यासाठी क्षेत्रीय कार्यालयाला सप्टेंबरमध्येच पत्र द्यावे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिलीचे नवे पालक येतात आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून प्रवेशाच्या कागदांसोबत गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, उतरण्याची जागा आणि चालत नेणाऱ्या गटांच्या वेळा द्याव्यात आणि पहिल्या सोमवारी जुन्या पालकांपैकी दोघांनी फाटकाशी उभे राहावे.