माशांच्या खाद्यातून प्रोबायोटिक कसे द्यावे

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत, उपकारक जिवाणू. ते माशाच्या आतड्यात जिवंत पोचले तरच उपयोगी. पावडर नुसती खाद्यावर भुरभुरून तळ्यात टाकली, तर त्यातली बरीचशी मासा तोंड लावण्याआधीच पाण्यात धुऊन जाते. पैसे खर्चूनही गुण येत नाही म्हणणाऱ्यांनी आधी हीच गोष्ट तपासावी.

आतड्यात पोचलेले हे जिवाणू जागा आणि अन्न अडवून धरतात, त्यामुळे एरोमोनास किंवा व्हिब्रिओसारख्या रोगकारक जिवाणूंना पाय रोवणे कठीण जाते. काही जाती पाचक विकरेही तयार करतात, त्यामुळे खाल्लेले अंगी लागते.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. जिवाणूचे नाव, दर ग्रॅममधली जिवंत जिवाणूंची संख्या (सीएफयू) आणि मुदत या तिन्ही गोष्टी छापलेल्या नसतील तर ते पाकीट घेऊ नका. बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणू तयार करतात, म्हणून उष्णता आणि कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक असतात. गोळी खाद्य बनवतानाच्या उष्णतेत ते मरतात, त्यांना तयार गोळीवरच चढवावे लागते. नवख्याने बॅसिलसपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आता मात्रा. खाद्याच्या दर ग्रॅमला 1 कोटी जिवाणू हे उद्दिष्ट धरू. पावडरमध्ये दर ग्रॅमला 1 अब्ज असतील, तर 1 किलो खाद्याला 10 ग्रॅम पावडर लागेल. उत्पादकाने वेगळी मात्रा दिली असेल तर तीच पाळा.

खरे काम लेप देण्याचे. 10 किलो खाद्यासाठी 100 ग्रॅम पावडर साधारण 300 मिली पाण्यात कालवा. पाणी क्लोरीनयुक्त नको, कारण क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. खाद्य स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरा, फवाऱ्याने थोडे थोडे शिंपडत हाताने वरखाली करा. गोळ्या ओलसर दिसाव्यात, पण बोटांत दाबल्यावर फुटू नयेत. 15-20 मिनिटे सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवू नका. मग 150 मिली खाद्यतेल किंवा मत्स्यतेल वरून चोळा. तेलाचा हा थर जिवाणूंना गोळीवर धरून ठेवतो.

पहिल्यांदा करताना एक चाचणी जरूर घ्या. मूठभर गोळ्या काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहा. क्षणात पाणी गढूळ झाले तर लेप नीट बसलेला नाही. पुढच्या वेळी पाणी कमी करा, वाळवायला जास्त वेळ द्या. लेप दिलेले खाद्य त्याच दिवशी संपवा. ओलसर खाद्य साठवले की बुरशी धरते, आणि ती माशांना घातक ठरते.

रोजच्या सगळ्या खाद्याला लेप देणे जमत नसेल तर मासे ज्या वेळी हावरटपणे खातात ती एक वेळ निवडा. पहाटे तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा मासे मंद असतात. ऊन चढल्यावर खाद्य द्या. निदान 3-4 आठवडे खंड पडू देऊ नका. हे जिवाणू आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत, देणे थांबले की हळूहळू बाहेर पडतात.

प्रतिजैविक चालू असताना प्रोबायोटिक देऊ नका, दिलेले जिवाणूही मरतील; औषधाचा कोर्स संपल्यावर सुरू करा. मासे खाद्य सोडून पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर आधी प्राणवायू आणि अमोनिया तपासा. आजारी मासा खातच नाही, मग खाद्यातले जिवाणू त्याच्यापर्यंत पोचणार कसे?

गुण आला की नाही, हे वजनावरून ठरवा. सुरू करण्याआधी जाळे टाकून 30-40 मासे तोला, महिन्याने पुन्हा तोला. दोन सारखी तळी असतील तर एकात साधेच खाद्य ठेवा. मग दिलेले खाद्य भागिले वाढलेले एकूण वजन हे गुणोत्तर काढा: 120 किलो खाद्यात मासे 80 किलो वाढले, तर ते 1.5. प्रोबायोटिकच्या तळ्यात हा आकडा खाली आला आणि मरही कमी झाली, तर पुढे चालू ठेवा. तो जागचा हलला नाही, तर आधी लेपाची चाचणी पुन्हा घ्या आणि मगच पाकीट बदलण्याचा विचार करा.