छातीत जळजळतंय? ओवा-जिरं शोधायच्या आधी रात्रीचं जेवण हलवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या पोरांचे डबे मी वडगावातल्या माझ्या घरातून देते. मराठी पोरं मला मावशी म्हणतात, कानडी पोरं अक्का. डबा घेताना एक तक्रार कायम कानावर येते, "मावशी, रात्री छातीत जळजळतंय की ओ." आणि बघायला गेलं तर तक्रार करणारे बहुतेक सेकंड शिफ्टवाले. फर्स्ट शिफ्टवाले तीच भाकरी, तेच कालवण खातात, पण त्यांना एवढा त्रास नाही. म्हणून माझ्याकडे कुणी घरगुती औषध मागितलं, की मी आधी विचारते, जेवतोस किती वाजता आणि आडवा होतोस किती वाजता?

अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळतं. पोट तुडुंब भरलं, किंवा भरल्या पोटी माणूस आडवा झाला, की जठरातलं आम्ल त्या कड्यातून वर येतं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसायची सवय असते, अन्ननलिकेला नसते, म्हणून आग पडते. अपचन थोडं वेगळं: पोट फुगतं, दोन घासांत गच्च वाटतं, करपट ढेकर येतात. दोन्ही एकदम होतात बऱ्याचदा, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

आता सेकंड शिफ्टचा माणूस घ्या. मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतो, भूक खवळलेली, ताटात दोन-तीन भाकऱ्या, झणझणीत रस्सा, वर भात. हात धुतला की अंथरूण. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं, ते इथं अर्धा ताससुद्धा मिळत नाही. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगते, मोठं जेवण कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतच उरका. घरी आल्यावर वाटीभर मऊ भात पुरे. त्यासाठी एक वाटी जुना तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा-सात वाट्या पाणी, हळद, चिमूटभर हिंग, जिरं आणि बोटभर आल्याचा ठेचलेला तुकडा, सगळं एकत्र कुकरला लावा. कुकर चार शिट्ट्यांनंतर मंद करून ठेवायचा. झाकण काढल्यावर डावानं घोटा, पळीवरून सरकन ओघळला पाहिजे. वर चमचाभर तूप, त्याहून जास्त नको, कारण तूप-तेल जास्त झालं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. लाल मिरचीची फोडणी अजिबात घालू नका. जिभेला काही हवंच तर भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरवा. ही एवढी खिचडी दोन-तीन माणसांना पुरते.

झोपताना डाव्या कुशीवर झोपा. जठर डावीकडे असतं, त्या कुशीवर झोपलं की आम्ल खाली राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर. उशीवर उशी रचून उपयोग नाही, त्यानं मान वाकते आणि पोट दाबलं जातं. कॉटच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या घाला, साधारण सहा इंच उंची मिळते. पाय घसरणार नाहीत एवढं नीट बसवा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली घोंगड्या दुमडून कंबरेपासून डोक्यापर्यंत चढण करावी. नाडी, पट्टा सैल करा. जेवल्यावर लगेच वाकून बादल्या उचलणं, फरशी पुसणं नको. दिवसाच्या जेवणानंतर मात्र सावकाश चालावं, गल्लीत चार फेऱ्या घाला किंवा व्हॅक्सिन डेपोच्या झाडाखालून जाऊन या.

तिखटाबद्दल आपल्याकडे कुणी ऐकून घेत नाही, हे मला माहीत आहे. रंजक्याशिवाय, म्हणजे लाल मिरचीच्या ठेच्याशिवाय, भाकरी उतरत नाही म्हणणारे माझ्या घरातच आहेत. अशा घरांसाठी माझा उपाय असा: चटणी कुटताना तिखट मिरची निम्मी करा आणि तिच्या जागी ब्याडगी घाला. ब्याडगीचा रंग गडद, तिखटपणा कमी. रस्सा तांबडाच दिसतो आणि ताटावर कुरकुर होत नाही. संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर मिरची भजी आणि त्यावर कडक चहा हे मात्र सोडाच. तळलेलं, तिखट आणि चहा, तिन्ही एकदम पोटात गेल्यावर रात्री काय होणार ते वेगळं सांगायला नको. कांदा, टोमॅटो, कॉफी, दारू यांतलं काय बाधतं ते माणसागणिक वेगळं असतं. आठवडाभर खाल्लेलं लिहून ठेवा, आपलं आपल्याला कळतं.

आता स्वयंपाकघरातल्या डब्यातले उपाय. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप सावकाश चावली की लाळ सुटते, आणि लाळ वर आलेल्या आम्लाचा जोर कमी करते. ताजं, आंबट नसलेलं ताक, एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी आणि जिरेपूड, अनेकांना सोसतं. ओवा गॅससाठी चांगला, पण छातीत आग असताना कच्चा ओवा चावू नका, आणखी पेटतं. आलं थोडं पोटाला मदत करतं, जास्त झालं की तेच जाळतं. पुदिन्याचं उलटंच आहे: पोट फुगलं असेल तर आराम देतो, पण ते कडंही सैल करतो, तेव्हा जळजळ होणाऱ्यांनी टाळावा. थंड दुधानं घटकाभर बरं वाटतं, नंतर जठर आणखी आम्ल सोडतं. कोकम शेवटी आंबटच आहे, सोसलं तर घ्या, नाही तर हट्ट नको. खायच्या सोड्यानं आम्ल लगेच मरतं, पण पोटात गॅस होतो आणि अंगात सोडियम जातं. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी सोड्याला हात लावू नये. जेष्ठमधही बीपीवाल्यांना नको.

एकादशीला तर मी डब्यासोबत सूचनाच देते. दिवसभर रिकाम्या पोटी चहा आणि संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट घातलेली तेलकट साबुदाण्याची खिचडी, असा उपवास पोटाला झेपत नाही. रताळं उकडून खा, केळं खा, वरीचे तांदूळ मऊ शिजवा. आपल्या बेळगुंदी-उचगाव भागातली रताळी असताना वडे कशाला तळायचे?

तंबाखूबद्दल स्पष्टच बोलते, आपण निपाणीच्या शेजारचे. तंबाखूतलं निकोटिन ते कडं ढिलं करतं, मग तुम्ही विडी ओढा, तंबाखू मळा नाही तर मिश्री लावा. बायकांनो, मिश्रीनं पोट साफ होतं म्हणून ती चालू ठेवू नका.

गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून रिकाम्या पोटी घेणारी खूप माणसं मी बघते. त्या गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते. तिथं जिऱ्याचं पाणी काय करणार? पोट सारखंच दुखत, जड राहत असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही कारण असू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो शोधला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तपासणीत सापडला तर प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घेतल्यावर जातो, घरच्या काढ्यानं नाही.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप असं काही झालं तर ते पित्त समजून घरी सोडा पीत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. बायकांमध्ये आणि साखरेच्या रुग्णांमध्ये हार्ट अटॅक नुसत्या अपचनासारखाही वाटू शकतो. डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आठवड्यातून दोनदा-तीनदा जळजळ होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील तरी दाखवून घ्या. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी महिनोन् महिने आपल्या मनानं घेत असाल तर तेही सांगा. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, आणि बऱ्याच दिवसांनी एकदम बंद केली तर जळजळ उसळू शकते, म्हणून सोडायची कशी ते डॉक्टरांनाच विचारा. जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, अंगदुखीचीसुद्धा, आणि आठवडाभर लिहिलेला तो खाण्याचा कागद सोबत न्या.