केंद्राचं की राज्याचं? अर्ज टाकण्याआधी एवढं तपासा

अर्ज चुकीच्या दारात गेला की महिने जातात. म्हणून आधी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा आणि आपला विषय संघ (म्हणजे केंद्र), राज्य की समवर्ती (म्हणजे दोघांच्या) सूचीत, कितव्या नोंदीत आहे ते लिहून घ्या. रेल्वे संघ सूचीत २२ वी, मोठी बंदरं २७ वी. पोलीस राज्य सूचीत दुसरी, महापालिका पाचवी. कुठेच सापडला नाही तर अनुच्छेद २४८ प्रमाणे विषय संसदेचा.

नोंद शेवटपर्यंत वाचा. दादर स्टेशन रेल्वेचं, म्हणजे केंद्राचं. पण राज्य सूचीतल्या 'पोलीस' या नोंदीत रेल्वे पोलीसही येतात. त्यामुळे लोकलमध्ये मोबाइल मारला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवायचा, आणि ते राज्याचे. फलाटाचं छप्पर गळतंय ही तक्रार मात्र रेल्वेकडे.

सगळ्यात जास्त गफलत समवर्ती सूचीत होते. तिथे दोघांनाही कायदा करता येतो. भिडले तर अनुच्छेद २५४ नुसार संसदेचा वरचढ. राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदा त्या राज्यात टिकतो, पण संसद पुढे तोही रद्द करू शकते. आपल्याकडे हे घडलंय. महाराष्ट्राच्या २०१२ च्या गृहनिर्माण कायद्याला अशी संमती होती, तरी २०१६ च्या केंद्रीय स्थावर मालमत्ता कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, कलम ९२ ने तो रद्द झाला. असं असूनही बिल्डरविरुद्धची तक्रार दिल्लीला जात नाही, राज्याने स्थापन केलेल्या महारेरा या प्राधिकरणाकडे जाते. कायदा कोणाचा आणि अंमल कोणाचा, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचाराच.

तरीही उलगडा होत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 'हा विषय कोणाच्या अखत्यारीत, कोणत्या आदेशाने?' शुल्क दोन्हीकडे १० रुपये, पण राज्याच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालतो, केंद्राच्या नाही. तिथे पोस्टल ऑर्डर लावा. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे; जास्त विषय घातले तर अधिकारी फक्त पहिल्याचंच उत्तर देऊ शकतो. कायद्यात ५ दिवसांत अर्ज वर्ग करण्याची तरतूद आहे, पण केंद्राचं कार्यालय राज्याचा अर्ज बहुधा 'राज्याकडे विचारा' म्हणून परत पाठवतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. राज्यात त्याला २० रुपये लागतात, केंद्रात काही नाही.