युरोपात राउटर विकायचाय? खोक्यावरची देशांची यादी आधी बघा
वायरलेस उपकरणासाठी युरोपीय संघातल्या २७ देशांत वेगवेगळी मंजुरी काढत बसावं लागत नाही. २०१४/५३ क्रमांकाचा रेडिओ उपकरण निर्देश (युरोपीय संघाचा कायदा) सगळीकडे लागू आहे, नॉर्वे आणि आइसलँडमध्येसुद्धा. वायफायचं ठरलेलं सुसंवादी मानक, म्हणजे युरोपीय संघाने मान्य केलेलं तांत्रिक मानक (२.४ गिगाहर्ट्‌झला ईएन ३०० ३२८, ५ गिगाहर्ट्‌झला ईएन ३०१ ८९३) पूर्ण पाळलं असेल, तर रेडिओच्या बाबतीत उत्पादक स्वतःच अनुरूपतेची घोषणा (माल नियमांत बसतो असं लेखी जाहीर) करून सीई खूण, म्हणजे युरोपच्या नियमांत बसल्याची खूण, लावू शकतो. सायबरसुरक्षेच्या अटी १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्यात, त्या वेगळ्या तपासा.

घोळ होतो तो पुढे. सीई म्हणजे सगळीकडे, कसंही वापरा असं नव्हे. ५१५० ते ५३५० मेगाहर्ट्‌झचा पट्टा साधारणपणे इमारतीच्या आतच वापरायचा असतो. असा निर्बंध असेल तर खोक्यावर संबंधित देशांची संक्षिप्त नावं छापायची आणि तपशील सूचनापत्रकात द्यायचा. हे बहुतेकदा शेवटच्या दिवशी आठवतं, तोवर खोकी छापून झालेली असतात!

सीईशेजारी चार आकडी क्रमांक ‘भारी दिसतो’ म्हणून छापू नका. तो क्रमांक अधिसूचित संस्थेचा (तपासणीसाठी सरकारने नेमलेल्या संस्थेचा) असतो; तिच्याकडून पूर्ण गुणवत्ता हमीचा मार्ग (रचनेपासून उत्पादनापर्यंतच्या गुणवत्ता पद्धतीची तपासणी) घेतला असेल तरच तो लागतो. नुसतं प्रकार-तपासणी (उपकरणाच्या तांत्रिक रचनेची तपासणी) प्रमाणपत्र असेल तर नाही.

भारतातून माल जात असेल तर इथलं टीईसीचं (दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राचं) प्रमाणपत्र तिथे सीईच्या जागी चालत नाही. आयातदाराचं नाव-पत्ता उपकरणावर हवा आणि तांत्रिक फाइल (रचना, चाचण्यांचे कागद) १० वर्षं जपावी लागते.