युनिक्स सर्व्हरवरचं रूट लॉगिन बंद कसं करावं, आणि बाकीची खाती कशी आवरावीत

रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड अवघड ठेवा आणि अधूनमधून बदला, एवढा सल्ला देऊन थांबणाऱ्यांवर विसंबू नका. रूट हे नाव जवळपास प्रत्येक युनिक्सवर तेच असतं, त्यामुळे बाहेरच्याला नाव शोधावं लागत नाही. शिवाय चारजण थेट रूट म्हणून शिरत असले, तर डेटाबेस कोणी थांबवला हे नंतर शोधून काढणं फार कठीण जातं. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून आत यावं आणि लागेल तेव्हाच सुडो, म्हणजे एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवून देणारी सोय, वापरावं. यात मी कुणासाठी अपवाद करत नाही.

आधी खात्यांची यादी तपासा. पासवर्ड फाइलच्या प्रत्येक ओळीत कोलनने वेगळे केलेले सात रकाने असतात. तिसऱ्यात यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक, असतो आणि सातव्यात शेल, म्हणजे लॉगिननंतर आज्ञा घेणारा प्रोग्रॅम. तिसऱ्या रकान्यात शून्य असलेली सगळी खाती शोधा. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नावाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. शून्य असेल ते खातं रूटच, मग त्याचं नाव काहीही असो. फ्रीबीएसडीवर 'टूर' नावाचं असं दुसरं खातं मुळातूनच येतं, त्याला घाबरू नका. लिनक्सवर मात्र दुसरं शून्य दिसलं, तर ते कुठून आलं हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

सिस्टिम खाती, म्हणजे आजच्या बहुतेक लिनक्सवर 1000च्या खालच्या यूआयडीची, पॅकेजांसोबत आलेली असतात. ती उडवू नका. खातं गेलं तरी त्याच्या फाइली त्या आकड्याच्या नावावर तशाच राहतात आणि उद्या तोच आकडा दुसऱ्या खात्याला मिळाला की त्या फाइलीही त्याच्याच होतात. या खात्यांचा शेल नोलॉगिन (आज्ञा न घेता परत पाठवणारा प्रोग्रॅम) आहे ना, एवढं पाहा. नवीन सेवेसाठी खातं काढताना शेल स्वतः लिहून द्या, डीफॉल्टवर सोडू नका.

नोलॉगिन लावलं म्हणजे खातं बंद झालं असं मात्र नाही. त्याने फक्त शेल मिळत नाही. त्या खात्याला पासवर्ड किंवा 'की' (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ली-फाइल) असेल, तर एसएसएचचा, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीचा, बोगदा उघडून आतल्या नेटवर्कपर्यंत पोचता येतं आणि त्याची क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामंही चालूच राहतात.

पासवर्ड लॉक करण्याचंही तसंच. लॉक केल्यावर शॅडो फाइलमध्ये पासवर्डच्या हॅशपुढे (साठवलेल्या सांकेतिक रूपापुढे) एक उद्गारचिन्ह लागतं, बाकी काही बदलत नाही. पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) चालू असलेल्या नेहमीच्या लिनक्सवर माणूस आपली की घेऊन खुशाल आत येतो. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद करायचं असेल, तर त्याची मुदत मागच्या तारखेला संपवा, की काढून टाका, चालू सेशन मारा आणि त्याचा क्रॉन तपासा. सेवेच्या खात्याची मुदत मात्र विचार न करता संपवू नका. मुदत संपलेल्या खात्याचं काम क्रॉन चालवत नाही आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडतो.

सुडोची नियमांची फाइल नेहमी व्हिसुडोनेच (जतन करताना चूक तपासणाऱ्या आज्ञेने) उघडा. 'सगळं चालेल, फक्त ही आज्ञा सोडून' असे नियम लिहू नका. ते वळसा घालून सहज चुकवता येतात.

आता खरी अवघड पायरी: एसएसएचवरून रूटला अडवणं. मला सुरुवातीला हीच सर्वात जड गेली. एसएसएचच्या सेटिंग फाइलमध्ये 'परमिटरूटलॉगिन'पुढे 'नो' लिहा आणि सेवा रीस्टार्ट करा, एवढ्या दोन ओळींत हे काम उरकणारे लेख वाचून काम करू नका.

हात लावण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. तुमचं स्वतःचं खातं कीने आत येतं आणि त्यातून सुडो चालतं, हे प्रत्यक्ष करून पाहा. कन्सोलवरून, म्हणजे एसएसएचशिवाय थेट मशीनवरून, आत जाता येतं का, तेही पाहा. आणि रूटचा पासवर्ड लॉक न करता सुरक्षित जागी ठेवा, कारण बिघडलेली मशीन रेस्क्यू मोडमध्ये गेली की अनेक लिनक्सवर तोच मागितला जातो आणि खातं लॉक असेल तर दार उघडत नाही. मग एक रूट सेशन उघडं ठेवा आणि सगळं संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

बदल कुठे लिहायचा, इथे बहुतेकजण फसतात. एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्रॅम) एका सेटिंगची पहिली भेटलेली किंमत धरतो, नंतरची सोडून देतो. सुडोचं बरोबर उलट, तिथे शेवटचा जुळणारा नियम चालतो. डेबियन आणि उबुंटूवर एसएसएचडीच्या मुख्य सेटिंग फाइलच्या वरच्याच भागात 'इन्क्लूड' (दुसऱ्या फाइली इथे वाच, असं सांगणारी ओळ) असतं, म्हणून बाजूच्या फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात. मुख्य फाइलच्या तळाशी तुम्ही 'नो' लिहिलं आणि त्या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत 'यस' असेल, तर 'यस'च चालणार. म्हणून त्या फोल्डरमध्ये नाव 00ने सुरू होणारी, म्हणजे सर्वात आधी वाचली जाणारी, स्वतःची फाइल करा आणि बदल तिथेच लिहा.

मग एसएसएचडी छोट्या 'टी' पर्यायाने चालवा, म्हणजे लिहिण्यातली चूक कळेल. त्यानंतर मोठ्या 'टी'ने चालवा. त्यात शेवटी लागू झालेली खरी सेटिंग दिसतात. फाइलमध्ये काय लिहिलंय यापेक्षा या यादीवर विश्वास ठेवा. फाइलमध्ये 'मॅच'चे, म्हणजे ठरावीक यूझर किंवा पत्त्यापुरते लागू होणारे, तुकडे असतील, तर मोठ्या 'सी' पर्यायात यूझर, होस्ट आणि पत्ता देऊन पुन्हा पाहा, कारण 'मॅच'मधली ओळ वरच्या सेटिंगवर मात करते.

मग एसएसएचची सेवा रीलोड करा, म्हणजे ती नवी सेटिंग वाचेल. जुनी सेशन तुटत नाहीत, म्हणूनच तुमचं उघडं सेशन कामाला येतं. नव्या टर्मिनलमधून आधी स्वतःच्या खात्याने आत या, मग रूट म्हणून पासवर्डने आणि कीने, दोन्ही तऱ्हांनी प्रयत्न करा. दोन्ही वेळा नकार मिळाला तरच काम झालं.

ओपनएसएसएच 7.0पासून, म्हणजे 2015पासून, 'परमिटरूटलॉगिन'चं मूळ डीफॉल्ट 'प्रोहिबिट-पासवर्ड' आहे: रूटला पासवर्डने प्रवेश नाही, पण कीने आहे. अनेकजण एवढ्यावर समाधान मानतात. मी मानत नाही. बॅकअपसाठी रूट लागतंच असेल, तर 'फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली' ठेवा आणि त्या कीला एकच आज्ञा बांधून द्या.

बाकीच्यांसाठीही पासवर्ड बंद करणार असाल, तर 'पासवर्डऑथेंटिकेशन'सोबत 'केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन'ही 'नो' करा, नाहीतर पॅममार्फत पासवर्ड विचारला जाऊ शकतो. 'अलाऊग्रूप्स'ने एकच गट आत सोडा, पण 'अलाऊयूझर्स'ही वापरलं असेल, तर माणूस दोन्ही याद्यांत बसायला हवा.

शेवटी रूटच्या होम फोल्डरमधली 'ऑथोराइज्ड-कीज' फाइल (परवानगी दिलेल्या कीजची यादी) उघडा आणि बॅकअपची बांधलेली की सोडून सगळ्या ओळी काढा. पुढे कुणी घाईत ते 'नो' परत 'यस' केलं, तर तिथे पडलेल्या जुन्या कीज त्याच क्षणी पुन्हा चालू होतील.